‘टीचर, तुम्ही काय विकलं?’

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे आटोपशीर करून:

“मी ख्रिस्ती घरातली तिसरी पिढी. बाळपणी बाप्तिस्मा, सोळाव्या वर्षी दृढीकरण, आणि गेली अठरा वर्षं मंडळीत संडे स्कूलला शिकवते. मागच्या महिन्यात मोलवान मोत्याचा दाखला (बोधकथा) शिकवला, एका मोत्यासाठी व्यापारी असेल नसेल ते विकतो तो. एका नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘टीचर, तुम्ही काय विकलं?’ मला उत्तर सुचलं नाही. त्याच आठवड्यात पाळक उपदेशात म्हणाले, ज्यानं सर्वस्व दिलं नाही त्याला देवाच्या राज्याची किंमत कळलेलीच नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. प्रार्थना करते, दशांश देते, पण तारण म्हणजे कपाटातला बाप्तिस्म्याचा दाखला, त्यापलीकडे मनात काही हलत नाही. घरासाठी आम्ही दोघांनी बारा वर्षं साठवलेली मुदत ठेव आहे. ती मोडून देवाच्या कामाला द्यावी, म्हणजे तरी काही वाटेल, असं मनात येतं. यजमानांना हे मान्य नाही. माझं तारण खरंच झालं आहे का? (आईच्या दागिन्यांच्या वाटणीवरून सख्ख्या बहिणीशी सात वर्षं बोलणं नाही, पण तो विषय वेगळा.)”

ताई,

ठेव मोडू नका. निदान आत्ता नको, आणि काहीतरी वाटावे म्हणून तर मुळीच नको.

बायबलमधले मत्तय १३:४४ पुन्हा काढा आणि नुसत्या क्रियापदांवर बोट ठेवून वाचा. माणसाला शेतात पुरलेली ठेव सापडते, तो ती पुन्हा लपवतो, आनंदाच्या भरात जातो, असेल नसेल ते विकतो आणि ते शेत घेतो. आनंद विक्रीच्या आधी आलेला आहे. विकले म्हणून आनंद झाला, असे येशूने कुठेही म्हटलेले नाही. तुम्ही मात्र आधी ठेव मोडायची आणि मग आनंद येतो का ते बघायचे, असा उलटा बेत केला आहे. बहुधा तो येणार नाही. मग दोन दुःखे होतील, पैसा गेल्याचे आणि देव गप्प राहिल्याचे, आणि यजमानांशी अबोला तिसरा.

पुढच्याच वचनात मोत्यांचा व्यापारी येतो. ठेव सापडलेला माणूस काही शोधत नव्हता, त्याला ती अचानक लागली. व्यापारी मात्र शोधातच होता. त्या काळी मोती पिकवता येत नसत, ते तंत्र फार अलीकडचे. पाणबुड्याने तळ गाठायचा, शिंपले वर आणायचे, उघडायचे, आणि बहुतेकांत काही नसायचे. त्यामुळे उत्तम मोत्याचा भाव डोळे फिरवणारा असे. शिवाय सोन्याचा तुकडा पाडून देता येतो, मोत्याचा नाही. अर्धा मोती म्हणजे चुरा. ‘सर्वस्व’ हा शब्द दाखल्यात येतो तो यामुळे. विकणारा अडून बसला आहे असे नव्हे, तर मालच अखंड आहे. राज्य थोडे रविवारपुरते आणि थोडे अडचणीपुरते, असे मोडून मिळत नाही. तुमचे पाळक एवढ्यापुरते बरोबर आहेत. पण ‘सर्वस्व’ म्हणजे बँकेतली शिल्लक, असा अर्थ त्यांच्या वाक्यातून निघत असेल तर तो अपुरा आहे.

या दोघांपेक्षा तुमची जागा वेगळी आहे. तुमच्या घरात मोती आजीच्या काळापासून आहे. तुम्ही खणलेले नाही आणि हिंडलेलाही नाहीत. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांची ही नेहमीची अडचण, आणि तिच्यासाठी शास्त्रात दुसरा दाखला आहे: लूक १५ मधल्या उधळ्या मुलाचा थोरला भाऊ. धाकटा घर सोडून गेला, सगळे उधळून परत आला, आणि बापाने त्याच्यासाठी मेजवानी घातली. थोरला घर सोडून गेला नाही, वर्षानुवर्षे राबला, एकही आज्ञा मोडली नाही. आणि तक्रार काय, तर मित्रांबरोबर मजा करायला बापाने कधी एक करडूही दिले नाही. बाप त्याला रागावत नाही. तू सदा माझ्याजवळ आहेस आणि माझे जे आहे ते तुझेच आहे, एवढेच सांगतो. घरचा वारस असून त्याने हिशेब चाकराचा ठेवला होता. तुमच्या पत्रात ‘अठरा वर्षं’ आणि ‘दशांश’ हे शब्द ज्या सुरात आले आहेत, तो सूर एकदा कान देऊन ऐका.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात असावा. मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार, आणि बँकेच्या कागदावर ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. शब्द एक, व्यवहार अगदी उलटे. दुसऱ्या अर्थात आपण काहीतरी ठेवतो तेव्हा काहीतरी मिळते. नकळत तोच अर्थ पहिल्यात उतरतो: मी सेवा ठेवली, दशांश ठेवला, आता घरही ठेवते, मग देव देईल. शुभवर्तमानात ठेवणारा दुसराच आहे. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. येशूचा शिष्य पेत्र लिहितो की सुटका सोन्यारुप्याने झाली नाही, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली (१ पेत्र १:१८-१९). प्रेषित पौल तर सरळ बाजारातला शब्द घेतो. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा ‘विसार’ आहे, असे तो इफिसकरांस १:१४ मध्ये म्हणतो. विसार सौदा पक्का करण्यासाठी देतात आणि तो देतो घेणारा. इथे घेणारा देव आहे. तुम्ही माल आहात, ताई, गिऱ्हाईक नव्हे.

तेव्हा ‘माझं तारण झालं आहे का’ याचे उत्तर छातीत काय हलते यावर ठरत नाही. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे, असे इफिसकरांस २:८ सांगते, आणि तिथे क्रियापद पूर्ण झालेल्या गोष्टीचे आहे. पण पौलच १ करिंथ १:१८ मध्ये ‘ज्यांचे तारण होत आहे’ असे चालू काळात लिहितो, आणि रोमकरांस ५:९ मध्ये ‘तारले जाऊ’ असे भविष्यात. झालेले, होत असलेले, व्हायचे असलेले. बाप्तिस्म्याचा दाखला यांतल्या फार तर पहिल्याची नोंद असतो. तुम्हाला जे कोरडे वाटते आहे ते मधले, होत असलेले. एकदा लाभलेले तारण गमावता येते की नाही यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. सुधारक कॅल्विनची परंपरा नाही म्हणते, मेथडिस्ट वेस्लीची होय म्हणते, कॅथलिक शिकवण मरणापर्यंत टिकून राहण्यावर भर देते. पण नीतिमान ठरणे हे आपल्या कमाईने नव्हे तर कृपेने, यावर लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनीही ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तुमची मंडळी कुठल्याही परंपरेतली असो, ठेव मोडून तारण पक्के होते असे तिथे कोणी शिकवत नसणार.

आता राज्य. पुष्कळजण तारण म्हणजे मेल्यावर स्वर्ग आणि देवाचे राज्य म्हणजे शेवटच्या दिवशीची गोष्ट, असे दोन वेगळे कप्पे करतात. मार्क १० मधला श्रीमंत माणूस सतराव्या वचनात ‘सार्वकालिक जीवन’ विचारतो, तेविसाव्यात येशू ‘देवाच्या राज्यात प्रवेश’ म्हणतो, सव्विसाव्यात शिष्य विचारतात, मग ‘तारण’ कोणाचे होणार? दहा वचनांत तीन शब्द आणि गोष्ट एकच. राज्य म्हणजे प्रदेश नव्हे, राजाची सत्ता चालणे. ती जिथे चालते तिथे राज्य आलेले असते, पूर्णपणे यायचे असले तरी. ‘तुझे राज्य येवो’ याला लागूनच ‘पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ येते ते उगीच नाही. म्हणून राज्याची किंमत कळली का हे पाहायचे, तर आपल्या घरातल्या कुठल्या खोलीत अजून राजाला पाऊल टाकू दिलेले नाही, ते पाहावे.

तुमच्या बाबतीत त्या खोलीचा पत्ता तुम्ही स्वतःच लिहिला आहे. कंसात.

तो विषय वेगळा नाही. मत्तय १८:२३ पासूनचा दाखला कागद-पेन्सिल घेऊन वाचा. मूळ ग्रीक मजकुरात एका चाकराचे राजाला असलेले देणे १०,००० तलांत आहे. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि मत्तय २०:२ प्रमाणे एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. गुणाकार करा: ६ कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षांची मजुरी. योसेफस या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे त्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तलांत महसूल मिळत असे. म्हणजे एका चाकराच्या डोक्यावर एका राज्याचा ५० वर्षांचा वसूल. मुद्दाम अशक्य रक्कम घेतली आहे. चाकर म्हणतो, थोडे थांबा, सगळे फेडतो. या वाक्यावर हसू यायला हवे, पण आपणही प्रार्थनेत तेच म्हणत असतो. राजा मुदत वाढवून देत नाही, देणेच सोडतो.

मग तो चाकर बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरतो, त्याच्याकडून येणे असलेल्या १०० दीनारांसाठी. उपदेशात ही रक्कम ‘अगदीच क्षुल्लक’ म्हणून सांगतात, तिथे चूक होते. आठवड्याचे सहा दिवस काम धरले तर १०० दीनार म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची मजुरी. गरीब माणसाला ती थोडी नाही. बहिणीने तुमच्यावर अन्याय केला असेल तर तो खरा आहे, त्याला किरकोळ म्हणायची गरज नाही. फक्त १०० दीनारांची पावती हातात घट्ट धरून ६ कोटींच्या माफीचा आनंद होत नाही, आणि झोपही लागत नाही. तारण कोरडे वाटण्याची कारणे अनेक असतात, पण तुमच्या पत्रात हे कारण ढळढळीत आहे. आणि ‘काय विकलं’ याचे उत्तरही इथेच सापडते: ही वसुली. तुमच्याकडची सगळ्यात महाग वस्तू मुदत ठेव नसून ती आहे, सात वर्षे व्याजासकट जपलेली.

करायचे काय? इफिसच्या मंडळीला प्रकटीकरण २:५ मध्ये तीन शब्द सांगितले आहेत. ती मंडळी कष्टाळू होती, सहनशील होती, खोटे प्रेषित ओळखणारी होती, फक्त पहिली प्रीती सुटली होती. तिला ‘पुन्हा तसे वाटून घे’ असे सांगितलेले नाही. आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर, एवढेच. तिन्ही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. भावना हुकूम पाळत नाहीत, हातपाय पाळतात.

आठवायला चार आठवडे द्या, रोज वीस मिनिटे, ठरलेल्या वेळी. एक वही घ्या. डाव्या पानावर आपले देणे लिहा, पण नावानिशी. ‘मी पापी आहे’ हे वाक्य बाद. ते खरे असले तरी इतके मोघम आहे की त्याची क्षमाही मोघमच वाटते. ‘अमक्या दिवशी अमक्याबद्दल खोटे बोलले’, ‘आई आजारी असताना बहिणीवर सगळे ढकलले’, असे लिहा. रोज एक पुरे. उजव्या पानावर काहीही लिहू नका, फक्त तारीख घालून एक आडवी रेघ मारा: फिटले. रेघ मारताना भरपाईची कलमे सुचतील, ‘पण मी नंतर प्रायश्चित्त म्हणून…’ वगैरे. ती लिहायची नाहीत. तिथेच तो चाकर पुन्हा बोलू लागतो. वहीत दुसऱ्यांची पापे उतरवायची नाहीत, हेही सांगून ठेवतो, कारण तिसऱ्या दिवसापासून हात तिकडे वळतो. चार आठवडे झाले की वही फाडून टाका. जपून ठेवलेली यादी पुन्हा हिशेब होते.

पश्चात्तापासाठी ग्रीकमध्ये ‘मेतानोइया’ हा शब्द आहे, मन फिरणे. रडू येणे हा त्याचा भाग असलाच पाहिजे असे नाही. तुमच्या मंडळीत कबुलीचा संस्कार असेल तर तो घ्या. नसेल तर एका परिपक्व, तोंड बंद ठेवणाऱ्या विश्वासू बाईपाशी एकदा मोठ्याने बोला. मनातल्या मनात केलेली कबुली बहुतेकदा मनातच फिरत राहते.

पैशांबद्दल. ठेव दोघांची आहे, म्हणजे निम्मी यजमानांची. दावीद राजा अरवना नावाच्या माणसाचे खळे विकत घेताना म्हणाला की फुकट मिळालेल्याचे होमार्पण मी देवाला करणार नाही, आणि ५० शेकेल रुपे मोजून दिले (२ शमुवेल २४:२४). दुसऱ्याच्या खिशातून केलेले अर्पण त्याच जातीचे. मार्क ७:११ मधला ‘कुर्बान’चा प्रकारही पाहा: आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले म्हणून सांगणाऱ्यांना येशूने झापले आहे. शेत विकून थोडा पैसा गुपचूप मागे ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणतो, विकण्याआधी ते शेत तुझेच नव्हते का, आणि विकल्यावर पैसा तुझ्याच हाती नव्हता का? म्हणजे देणे सक्तीचे नव्हते, गुन्हा खोटेपणाचा होता. आणि जक्कय या जकातदाराने सर्वस्व दिले नाही. अर्धे गरिबांना, आणि लुबाडले असेल त्याला चौपट. त्याच घरात येशू म्हणाला, आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे. मार्क १० मधल्या श्रीमंत माणसाला सगळे विकायला सांगितले, जक्कयाने अर्धे देऊ केले ते चालले. ज्याची मूर्ती जेवढी, तेवढी फोडायची. घर हे तुमचे दैवत आहे असे पत्रावरून दिसत नाही.

तरीही द्यावेसे वाटत असेल तर तीन महिने थांबा आणि दोघांनी मिळून ठरवा. २ करिंथ ८:१२ चा नियम सोपा आहे: जवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही. मासिक उत्पन्नातला ठराविक छोटा हिस्सा दशांशावर वाढवा आणि सहा महिने टिकवा. एकरकमी उमाळ्यापेक्षा ते अवघड असते. जिथे हिशेब छापून मिळतो अशा कामाला द्या, एकट्या माणसाच्या खासगी खात्यात कधीही नाही. सभेत, संगीत चालू असताना रक्कम ठरवू नका. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असे लूक १४:२८ मध्ये येशूनेच सांगितले आहे.

झोपेचे हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप नीट नसेल, जेवण सुटले असेल, किंवा तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही शंका परत येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. धार्मिक अपराधभावाचा ध्यास हा ओळखीचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि तो विश्वासाच्या कमतरतेचा पुरावा नाही.

आणि बहीण. क्षमा करणे म्हणजे झाले ते बरोबर होते असे म्हणणे नव्हे, आणि दागिने सोडून दिलेच पाहिजेत असेही नव्हे. वाटणीचा प्रश्न हवा तर नंतर एखादी तिऱ्हाईत, दोघींना चालणारी व्यक्ती बसवून सोडवता येईल. आधी फक्त गळ्यावरचा हात काढायचा आहे. पत्र लिहा, फोन नको. फोनवर तिसऱ्या वाक्याला दागिने निघतात. चार ओळी पुरेत. ‘सात वर्षं मी बोलले नाही, त्यात माझी चूक आहे’ ही एक ओळ हवी, आणि ‘पण’ हा शब्द कुठेही नको. ‘मी तुला क्षमा केली आहे’ असेही लिहू नका; समोरच्याला तो आरोप वाटतो. ती क्षमा देवासमोर करायची आहे. पत्र लिहून एक रात्र ठेवा, सकाळी वाचून ‘पण’च्या जागी काय शिरले आहे ते खोडा, आणि टाका. उत्तर आले नाही तर तीन महिने काही करू नका. मग तिच्या वाढदिवसाला दोन ओळी. त्या मुलीने वर्गात पुन्हा विचारले तर तोवर सांगा, अजून विकायला काढलंय, सोपं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढे उत्तर पुरते.